मामाच्या गाडीची काच

हसू नका बे, त्या दिवशी मी घाबरलो नव्हतो. पोरगी पाह्याले चिखलीले चाललो होतो, भर मे महिन्यात, मामाच्या गाडीत. एसीनं डिझेल जास्त जाते म्हणून मामानं तो बंदच ठेवला. मी काच खाली घेतली, तं ओरडला, "वर घे! वारं आत शिरते, गाडी अडते, ॲव्हरेज पडते!" वरून काटा पन्नासच्या पुढं जाऊ देईना.

पोहोचलो तं शर्ट पिळून घ्यावा असा. पोरीचे वडील म्हणाले, "पोरगं एवढं घाबरलं काऊन?"

मी चिडून सगळं सांगून टाकलं. ते उठले अन् मामाले मिठीच मारली. "भाऊ, माह्या घरी हे कोणाले पटतच नाही!"

पाण्याचा दुसरा गिलास देताना पोरगी हळूच म्हणाली, "आपण दोघं एसटीनं जात जाऊ."