सटवाजीनं आखलेली रेघ

ऐका. आन हुंकार द्या गं पोरींनो, न्हाईतर मी गोष्ट इथंच सोडून झोपायला जाईन. ए सुगंधा, शाल घे नीट. भ्यायलीस तर माझ्या कुशीत ये, पण आधी ऐक!

आपल्या खाणीच्या तळ्याची गोष्ट हाय. पैल्यांदा तिथं तळं नव्हतं, माळ व्हता. सडकेसाठी मुरूम आन खडी काढून काढून त्या माळाचा खड्डा केला. खाण बंद पडली, पाणी साचलं. वीस वर्सं जागा नुसती पडून. मंग एका साली ग्रामसभेनं ठरवलं, आता ह्या जागेचं नीट आखायचं. झाडं कुठं लावायची, गुरांना पाण्याची वाट कुठनं, आन शाळेचं मैदान कुठं. आखायचं काम आलं माझ्या थोरल्या भावाकडं, महिपतदादाकडं.

दादा हुशार. पण हट्टी! आपलंच म्हणणं खरं, तसं. "मैदान पाण्याला खेटूनच पायजे," म्हणाला. "पोरं खेळतील, समोर पाणी चमकंल. गावाला शोभा." पश्चिमेची कड वरनं ताटासारखी सपाट. त्याला वाटलं, झालं काम. वरनंच बघितलं त्यानं. खाली वाकून कुणी बघितलं? कुणीच न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीचा साहेब येणार व्हता. चुन्याची फक्की जिथं पडंल, तिथं मैदान कायम. दादानं दिवसभरात तीन बाजू आखल्या, आन तेवढ्यात घरनं निरोप, म्हस अडलीय! म्हस सुटेस्तवर दिवस बुडाला. चौथी बाजू तशीच. मंग काय, निघाला. खांद्यावर फक्कीचं पोतं, हातात बॅटरी. आई म्हणाली, "आरं, दिवेलागण झाली, नको जाऊस." ऐकतोय कशाला!

कडेला पोचला. वारा न्हाई, बेडूक न्हाई, काय न्हाई. दादा वाकून फक्की टाकत निघाला. पन्नास पावलं टाकली, मागं वळून बघितलं.

रेघ जागेवर न्हाई!

हुं म्हणा की!

रेघ व्हती, पण कडेला न्हाई. वीस पावलं आत, माळाकडं. सरळ, दोरी धरल्यागत. दादा म्हणाला, "अंधारात चुकलो आसंन." पायानं पुसली, पुन्यांदा कडेला टाकली. वळून बघतोय तर पुन्यांदा आत! आता घाम फुटला. तरी हट्ट बघा मेल्याचा, पोतं उचलायला गेला. पोतं उचलंना. निम्मं रिकामं पोतं, दगड भरल्यागत जड. ओढतोय, ओढतोय. आन बॅटरी गेली.

आन मंग आवाज आला. पाण्याकडनं. लांबनं, मंग जवळनं.

"सुरुंग हाय रंऽऽ! लांब व्हाऽऽ!"

दादाच्या अंगावर काटा! खाण बंद होऊन वीस वर्सं झालेली, सुरुंग कुठला? पण तो आवाज त्यानं लहानपणी रोज ऐकलेला. खाणीवरच्या सटवाजीचा. सुरुंग उडायच्या आधी हातात लाल फडकं घेऊन तो असाच वरडायचा. एक दिवस सगळ्या बायामाणसांना लांब काढलं त्यानं, आन सोता कड ढासळून गाडला गेला. घावलं ते फकस्त फडकं.

दादा पळायचं सोडून पोत्याला धरून बसला. तवर मागनं कुणीतरी त्याची बंडी धरली. हात गार, खरबरीत. असा हिसडा दिला, असा दिला, का दादा उताणा, थेट त्या आतल्या रेघंच्या पलीकडं!

आन ढासळलं. धडाडऽ! सगळी कड, पोत्यासकट, पाण्यात. जाता जाता खाणवाल्यांनी कडेच्या पोटातला मुरूमसुद्धा खरवडून नेला व्हता, बायांनो. वरनं ताट, खालनं पोकळ. आन कड कुठवर गेली? बरोब्बर त्या पांढऱ्या रेघंपतोर. रेघंच्या माळाकडल्या बाजूचा एक खडासुद्धा हलला न्हाई.

दादा तिथंच पडून रडला. भ्यानं न्हाई. म्हणाला, "सटवाजीबाबा, पोरं खेळली असती रं हितं. माझ्या हट्टापायी खेळली असती." घरी आला तर बंडीवर मागं पाच बोटं, फक्कीची.

सकाळी साहेबासमोर, सगळ्या गावासमोर दादानं हात जोडले. "माझं चुकलं. मैदान पूर्वेला घ्या, टणक जमिनीवर. इकडं रेघंला लागून बांबू आन वाळ्याचं गवत लावा. वाट ठेवूच नका." साहेबानं रेघ मोजली आन चकित झाला. "वा! ही कुणी आखली?"

दादा म्हणाला, "खाणीवरचा जुना माणूस हाय आमचा."

तर पोरींनो, बांबूच्या पलीकडं पाय टाकायचा न्हाई. दिवसासुद्धा न्हाई! सटवाजीला मूल व्हतं का नव्हतं, ठाऊक न्हाई. पण सर्वपित्रीला त्याच्या नावाचं पान आपल्या घरनं जातं, संगं लाल फडकं. लई उपकार हायेत त्याचे. आन सुगंधे, उद्या मैदानात खो-खोला उतरशील ना, तवा आधी बांबूकडं तोंड करून हात जोड. मंग खुशाल पळ.