‘का’ म्हणा

माही पीएचडी वऱ्हाडी बोलीवर, पण आमचे गाईड सर मलेच वऱ्हाडी बोलू देत नव्हते! ‘काऊन’ म्हटलं की लगेच म्हणत, “‘का’ म्हणा. विद्यापीठात आहात तुम्ही.”

शेवटच्या तोंडी परीक्षेले पुण्याच्या बाई परीक्षक म्हणून आल्या. मी बोलाले उभी राह्यली अन् तेवढ्यात प्रोजेक्टर बंद पडला. सरांनी घाबरून त्याले थापड मारली, “काऊन बंद पडला बे तू?”



बाईंनी हसून विचारलं, “सर, गाव कोणतं तुमचं?”

“जळगाव जामोद, वऱ्हाडातलंच,” सर हळूच म्हणाले. मंग माह्याकडे वळले, “आता पाहून काऊन राह्यली? सांग त्याईले, आपल्या बोलीत!”