शेवटचं प्रकरण पांढऱ्या शाईत

भाची : मामा, तुमचं पुस्तक छापून झालं. सगळ्या प्रती बांधून आल्यात.

मामा : नाही झालं.

भाची : तुमच्या मांडीवर आहे त्यातली एक.

मामा : आपण धरून चालू की झालेलं नाही. ते अजून तुझ्या कॉम्प्युटरवर आहे, आणि मी सहज विचारायला आलोय. बोल, मांडणी कशी करणार?

भाची : तुमचं म्हणणं, माणसाचा ‘मी’ हळूहळू विरतो. म्हणून पहिल्या प्रकरणात अक्षरं ठसठशीत. मग फिकट होत जातात. सहाव्यात पानावर चारच शब्द, चार कोपऱ्यांत.

मामा : वाचणाऱ्याला वाटेल, आणताना वाटेत सांडले.

भाची : आणि शेवटचं प्रकरण पांढऱ्या कागदावर पांढऱ्या शाईत.

मामा : छापखानेवाले काही बोलले नाहीत?

भाची : म्हणाले, ताई, यात चूक झाली तर कळणार कशी? मी म्हटलं, तोच तर मुद्दा आहे. मग त्यांनी चहा मागवला.

मामा : मला दाखवायचं तरी.

भाची : दाखवायलाच आले होते. तुम्ही म्हणालात, मी कोण ठरवणारा?

मामा : ते मी तत्त्वज्ञान म्हणून म्हणालो होतो गं. त्या प्रकरणात काय होतं, वाचलंस ना?

भाची : वाचलं. सगळं मामीला उद्देशून होतं. तुम्हाला समोर कधी बोलता आलं नाही ते. वाटलं, तुमचा ‘मी’ विरतो तो इथेच.

मामा : बरोबर आहे. तुझं सगळं बरोबर आहे, हीच अडचण आहे.

(मामी पुस्तकाची एक प्रत घेऊन बाहेर येतात.)

मामी : वाचलं हो तुमचं पुस्तक. जन्मात पहिल्यांदा.

मामा : सगळं?

मामी : आधीचं डोक्यावरून गेलं. शेवटचं मात्र दोनदा वाचलं. इतक्या वर्षांत तुम्ही एकदा तरी गप्प बसलात.

भाची : मामी, खरं म्हणजे त्यात...

मामी : नको, समजावू नका. समजावलं की बिघडतं. यांचं काहीतरी मला आवडलंय, ते राहू दे.

(मामी आत जातात.)

मामा : लिहून घे. दुसरी आवृत्ती काढताना...

भाची : अशा पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघत नाही, मामा.

मामा : ठाऊक आहे. लिही. दुसरी आवृत्ती काढताना शेवटचे प्रकरण काळ्या शाईत छापण्यात यावे, व एक प्रत लेखकाच्या पत्नीच्या उशाशी ठेवण्यात यावी. त्या वेळी लेखक घरी नसेल, याची संबंधितांनी कृपया दक्षता घ्यावी.