खात्र्याच्या बाणाची धार

ऐका. आणि मध्ये मध्ये ‘मग? मग?’ करू नका, सांगतोच आहे.

खात्र्या वळवी अंधार पडल्यावर निघाला. रानडुकरांनी मका लोळवला होता आणि मेहुणा मचाणावर वाट बघत होता. खांद्याला तीरकामठा, कमरेला धार लावायचा कुरुंदाचा दगड. डुकरासाठी रुंद पात्याचा एकच बाण. तेवढं एक पातं त्यानं दिवसभर घासलं होतं. घासताना निघणारा काळा लगदा धोतराला पुसायची त्याची खोड. बायको जमनी कावली होती. “लोखंडाचा डाग आहे तो! आपटून आपटून माझे हात गेले!” पण निघताना तीच म्हणाली, “ओढ्याच्या वाटेनं चाललास, पातं पुढं धर. लोखंडाला ते शिवत नाही.”

ओढ्याशी घोंगडी पांघरून एक म्हातारा बसलेला. त्यानं पातं बघितलं. हात न लावता हं, लांबूनच! “ही धार? हिनं काकडी तरी चिरता येईल का?”

खात्र्याला झोंबलं. बसला, दगडावर थुंकला, घासलं. नखावर टेकवलं, रुतलं. झालं!

टेकडी चढला, तर म्हातारा आधीच तिथं! “डावी कड उंच राहिली.”

अरे, तिथंच पळायचं की नाही? पण नाही! धारेला नाव ठेवलं ना! “उंच? कुठं उंच?” म्हणत गडी पुन्हा बसला.

पुढं मोहाचं झाड. म्हातारा फांदीला उलटा लटकलेला, पावलं मागं फिरलेली. “टोक वाकडं.”

आणि खात्र्या? घाम फुटलाय, दात वाजतायत, तरी घासतोय! हातच थांबेनात. पातं पानाएवढं होतं, काडीएवढं झालं, आणि कट्कन मोडून दरीत गेलं.

“संपलं लोखंड,” म्हातारा हसला. झाडाएवढा झाला. त्याचे हात लांबत लांबत गळ्याशी आले. खात्र्यानं दोन्ही तळवे पुढं केले. चर्रर्र! तापल्या तव्यावर पाणी पडावं तसं! म्हातारा किंचाळून मागं सरला.

खात्र्यानं तळवे पाहिले. काळेकुट्ट. धोतर तसंच. भीती गेली, नुसता संताप उरला. “संपलं? अरे, घासलेलं लोखंड जाईल कुठं? निघत नाही ते! माझ्या बायकोला विचार!”

धोतर सोडलं, डोक्याला गुंडाळलं आणि लंगोटीवर जो पळाला तो थेट घरी. जमनीनं दार उघडलं. “पुन्हा पुसलंस?”

तेव्हापासून ते धोतर खुंटीला आहे. जमनीनं पुन्हा धुतलं नाही.

तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. गेलातच आणि कुणी धारेला नाव ठेवलं, तर ‘असेल बाबा बोथट’ म्हणा आणि चालू लागा. पण तुम्ही कसले ऐकताय!