घंटेला उत्तर

जावई : बाबा, आम्ही घर सोडून चाललोय. पुढच्या महिन्यात. ठरलंय.

सासरे : पेडल मारा, जावईबापू. बोगद्यात चढ आहे.

जावई : ऐकलंत ना?

सासरे : बोगदा आहे, इथे सगळं दोनदा ऐकू येतं.

जावई : मग?

सासरे : मग काय? दगडाचं काम बघा. आगगाडी बंद पडली, रूळ उखडले, पण एक चिरा हलला नाही. असं काम आता होत नाही.

जावई : मला इथून फक्त तुमची पाठ दिसते. सकाळपासून तीच बघतोय. डोंगर, जंगल, धबधबा, जे काय आलं ते सगळं तुमच्या पाठीच्या पलीकडे होतं.

सासरे : मागच्या सीटवर तुम्हीच बसलात.

जावई : बसलो नाही, बसवलंत. हँडल तुमच्याकडे, ब्रेक तुमच्याकडे, घंटा तुमच्याकडे. पाय तेवढे माझे, तेही तुम्ही फिरवाल तसेच फिरतात. ही जोडसायकल आहे की आपलं घर, तेच कळेनासं झालंय.

सासरे : डावा हात दाखवतोय. पुढे वळण आहे.

जावई : कुणाला दाखवताय? गाड्यांना बंदी आहे या रस्त्यावर. आख्ख्या जंगलात आज एक खार सोडली तर वाहतूक नाही.

सासरे : म्हणून तर तिच्यासाठी थांबलो.

जावई : ती झाडावर होती, बाबा.

सासरे : उजवीकडच्या झाडावर. तिचा हक्क आधी. जन्मभर चौकात उभं राहून शिट्टी फुंकलीय मी. मी निवृत्त झालो, नियम नाही झाले.

जावई : ते काय वाजलं?

सासरे : पाणी ठिबकतंय.

जावई : पाणी टण टण ठिबकतं?

सासरे : जुना बोगदा आहे.

(दूरवर लोखंडी दार बंद झाल्याचा आवाज.)

जावई : आणि हे? हेही पाणीच का?

सासरे : हे नाही.

जावई : थांबवा, थांबवा. मला उतरू द्या. बाबा, पुढचं दारही लावलंय. बाहेरून कुलूप आहे. अहो, कोणी आहे का? ओ चौकीदार!

सासरे : ओरडू नका. इथे सगळं दोनदा ऐकू येतं.

जावई : आपल्यालाच येतंय, दोनदा! मोबाइलला रेंज नाही. हा भिंतीवरचा लाल डबा मदतीचा फोन असावा. हॅलो? हॅलो?

मदत केंद्र : नमस्कार, वनसायकल मार्ग मदत केंद्र. आपण मार्गाचा आनंद घेत आहात का?

जावई : घेत होतो. आता मोठ्या बोगद्यात कोंडले गेलोय. दोन माणसं, एक सायकल.

मदत केंद्र : माणसं दोन आणि सायकल एक? दुसरी चोरीला गेली का?

जावई : नाही हो ताई, जोडसायकल आहे. मी आणि माझे सासरे. दारं का लावलीत?

मदत केंद्र : अंधार पडायच्या सुमारास वटवाघळं बाहेर निघतात, सर. त्यांना माणसांचा त्रास नको म्हणून.

जावई : दारं लावली तर ती निघतात कशी?

मदत केंद्र : वर त्यांच्यासाठी खास फट ठेवलीय.

जावई : म्हणजे वटवाघळांना जाता येतं, जावयांना येत नाही. बरं, गाडी पाठवा.

मदत केंद्र : मार्ग वाहनमुक्त आहे, सर. आमची गाडीसुद्धा वाहनच आहे.

जावई : आणि कोणी आजारी पडलं तर?

मदत केंद्र : रुग्णवाहिका असते ना. मार्गाच्या तोंडाशी उभी असते. रुग्णानं तिथवर यायचं.

जावई : सायकलवर?

मदत केंद्र : हेल्मेट घालून.

सासरे : बरोबर आहे.

जावई : तुम्ही थांबा हो बाबा. ताई, मग आम्हाला सोडवणार कोण?

मदत केंद्र : चौकीदारांना निरोप देते. पण ते सायकलवरून घराकडे उतरलेत आणि येताना त्यांना चढ आहे. तोवर शांत राहा, घाबरू नका, एकमेकांशी बोलत राहा.

जावई : हे वाक्य मला पाठ आहे. लिफ्ट दुरुस्तीचा माणूस आहे मी. अडकलेल्यांना बाहेरून हेच सांगतो.

मदत केंद्र : मग बोलतात का ते?

जावई : बोलतात ना. आधी विनोद करतात, मग सोसायटीच्या सेक्रेटरीला शिव्या घालतात. दोन्ही संपलं की खरं बोलायला लागतात. तेव्हा मी बाहेर मुद्दाम पाना आपटतो, नको ते कानावर यायला नको म्हणून.

मदत केंद्र : छान. आता सर, वेळेनंतर कुलूप उघडायचं तर आतल्या व्यक्तीची तोंडी विनंती रेकॉर्ड करावी लागते. त्याआधी एकच प्रश्न. घंटेला उत्तर का दिलं नाही?

जावई : कुठल्या घंटेला?

मदत केंद्र : दार लावण्याआधी चौकीदार बोगद्याच्या तोंडाशी घंटा वाजवतात. आत कोणी असेल तर त्यानं आपल्या सायकलची घंटा वाजवायची. उत्तर आलं की ते थांबतात. सकाळी हँडल धरणाऱ्या प्रत्येकाला सांगतात हे. तुमच्या सोबतच्या गृहस्थांनी तर पुन्हा पुन्हा समजून घेतलं म्हणे, आणि वर एक सुधारणाही सुचवली.

जावई : ताई, जरा थांबा हं. बाबा?

सासरे : सुधारणा योग्य होती. घंटेबरोबर लाल दिवाही पाहिजे.

जावई : ते ठिबकणारं पाणी म्हणजे चौकीदार होता.

सासरे : होता.

जावई : तुम्हाला ठाऊक होतं. घंटा तुमच्या अंगठ्याखाली होती! नुसती दाबायची होती.

सासरे : तुम्ही बोलत होतात. मध्येच घंटा वाजवणं बरं दिसत नाही.

जावई : माझं बोलून कधीच झालं होतं. आपण खारीवर आलो होतो.

सासरे : मी अजून तिथेच होतो.

जावई : कुठे?

सासरे : पुढच्या महिन्यात.

जावई : बाबा, तुम्ही आपल्याला कोंडून घेतलंत.

सासरे : कोंडून नाही. थांबवलं. चौकात गर्दी अंगावर आली की मी हात वर करायचो. हात खाली येईपर्यंत जो तो जागच्या जागी. कुणाचं काही बिघडत नाही, फक्त थोडा वेळ कुणी कुठे जात नाही. तेवढंच वाटलं मला.

जावई : तिकडे विश्रामगृहात तुमची मुलगी वाट बघत असेल. जोडसायकल तिनंच ठरवली. म्हणाली, वेगवेगळ्या सायकली घेतल्या तर बाबा विषय निघताच पुढे निघून जातील.

सासरे : हुशार आहे. माझ्यावर गेलीय.

जावई : आम्ही तुमच्यापासून पळत नाही आहोत. जातोय त्या शहरात नवं रुग्णालय होतंय, सगळ्या लिफ्टचं काम माझ्या हाताखाली असणार. इथे दुसऱ्याच्या हाताखाली पाने पुसतोय मी. तिलाही तिथल्या शाळेत शिकवायला घेतलंय. आणि तुम्हीही चला की आमच्याबरोबर.

सासरे : तिथल्या कुठल्या चौकात उभा राहू मी?

जावई : उभं कशाला राहायचं? बसा.

सासरे : बसायला काय, कुठेही बसतो मी. पण इथे चौकातून जाताना पानवाल्यापासून शाळेच्या गाडीवाल्यापर्यंत सगळे अजून ब्रेक मारतात. सवयीनं.

जावई : मग इथेच राहा. तुम्हालाही जरा शांतता. पहाटे माझी पावलं वर वाजतात म्हणून तुम्ही खालून काठीनं छत ठोकता.

सासरे : ठोकतो.

जावई : आमच्या वरच्या फरशीवर त्या काठीची जागा दाखवता येईल मला. शेवटी मी चवड्यांवर चालायला शिकलो.

सासरे : माहीत आहे. पहिल्या दिवशी आवाज आला नाही, तेव्हा वर आलो होतो मी.

जावई : कधी? हां, किती वाजले विचारायला आला होतात.

सासरे : हो.

जावई : घड्याळ होतं तुमच्या हातात.

सासरे : होतं.



मदत केंद्र : हॅलो? सर? मी ऐकत नाहीये, पण लाइन चालू आहे.

जावई : तुमच्याकडे पाना नाही का आपटायला?

मदत केंद्र : स्टेपलर आहे. दोनदा आपटला. चौकीदार वळलेत, निरोप पोहोचला. फक्त ती विनंती पाहिजे.

जावई : मी सांगतो. दार उघडा. झालं?

मदत केंद्र : अशी नाही चालत, सर. रीतसर लागते. कोण, कुठून, कशासाठी.

सासरे : फोन इकडे द्या, जावईबापू. असल्या कामात तुम्ही कच्चे. हं, बाई, घ्या. अर्जदार, निवृत्त वाहतूक निरीक्षक, सध्या मुक्काम बोगदा. दार उघडण्यात यावं, ही जावयांची विनंती. तिला माझी हरकत नाही. उघडा.

मदत केंद्र : धन्यवाद, सर. रेकॉर्ड झालं.

सासरे : संपलं नाही. दुसरी विनंती आहे.

मदत केंद्र : कुठल्या दाराबद्दल?

सासरे : दाराबद्दल नाही.

मदत केंद्र : सर, आमच्या अखत्यारीत फक्त दारं येतात. आणि वटवाघळं.

सासरे : असू द्या. रेकॉर्ड करून ठेवा आणि वरिष्ठांकडे पाठवा.

मदत केंद्र : कुठल्या वरिष्ठांकडे?

सासरे : असतील त्या.

जावई : बाबा, राहू द्या ना.

सासरे : तुम्ही सायकल धरा. बोला म्हणालात की बोलतो, बाई.

मदत केंद्र : बोला, सर.

सासरे : अर्जदाराच्या राहत्या घरी, वरच्या मजल्यावर, पहाटे होणाऱ्या पावलांच्या आवाजाबाबत अर्जदारानं आजवर काठीनं केलेल्या सर्व तक्रारी या अर्जान्वये मागे घेण्यात येत असून, सदर आवाज पुढच्या महिन्यानंतरही पूर्ववत चालू ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.