सोमवारी छाती, मंगळवारी पाठ

...आणि म्हणे सोमवारी छाती. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी पाय, गुरुवारी खांदे, शुक्रवारी दंड, आणि शनिवार-रविवार म्हणे आराम. तुम्हाला सांगते, मी एकाहत्तर वर्षांची बाई, आयुष्यात मला कुणी शनिवार दिला नाही की रविवार दिला नाही, आणि हा जिमचा मास्तर दोन्ही एकदम देऊन मोकळा. मी म्हटलं, मास्तर, घराची वाटणी ऐकलीय, जमिनीची ऐकलीय, दोन जावा तांब्याभांड्यांची वाटणी करताना एकमेकींच्या झिंज्या धरतात तेही पाहिलंय, पण एकाच बाईच्या अंगाची पाच ठिकाणी वाटणी... ही करायची कशी? तर तो म्हणतो, "आजी, स्नायूला काम दिलं की दोन दिवस सुट्टी द्यावी लागते. सुट्टीतच तो वाढतो." बरं आहे म्हटलं स्नायूचं.

पण मला छाती नको होती हो. दंड तर नकोच होते, ते मिरवायचे कुठे या वयात? मला आमच्या ह्यांना उचलायचं होतं.

थांबा, नीट सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी भरकटली. ह्यांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तीन शब्द उरले. एक 'हो', एक 'पुरे', आणि एक शिवी, ती मी चारचौघांत सांगणार नाही, पण डॉक्टरांना ती पहिल्याच दिवशी मिळाली. तर अशा माणसाला पलंगावरून खुर्चीत घ्यायचं, खुर्चीतून संडासात, तिथून परत खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, आणि हे एकदा नाही, दिवसातून चारदा. मदतीला बाया ठेवल्या, नाही असं नाही. पहिली ह्यांना "बाळा" म्हणाली. सदतीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवलेला माणूस, लोकांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढून काढून ज्याने अख्ख्या गल्लीशी वैर घेतलं, तो बाळा? मी तिला दार दाखवलं. दुसरी फोनवर बोलता बोलता घास भरवायची, एकदा नाकात गेला, तिलाही तेच दार. तिसरीला मी एक शब्द बोलले नाही, ती आपण होऊन गेली, म्हणाली मला तुमच्या नजरेची भीती वाटते. त्यानंतर ती बाया पाठवणारी संस्था माझा फोनच उचलेना. नका उचलू म्हटलं, मी ह्यांना उचलते.

आणि पाडलं. खरं ते सांगते, मीच पाडलं. खुर्चीत घेता घेता माझा गुडघा वाकला आणि दोघं फरशीवर. मोडलं काही नाही, पण उठता येईना. अडीच तास शेजारी शेजारी पडून छताकडे बघत होतो, छताला कुठे कुठे पोपडे आलेत ते त्या दिवशी पाठ झालं. शेवटी सिलिंडरवाला आला, दार लोटलेलंच होतं, त्याने आधी सिलिंडर ठेवला मग ह्यांना ठेवलं.

मुलगा धावत आला. त्याला मी दोष देत नाही, त्याचा स्वतःचा मणका सरकलेला, कमरेला पट्टा बांधून फिरतो बिचारा. पण म्हणाला, बाबांना वृद्धांच्या केंद्रात ठेवू आणि तू माझ्याकडे ये. मी म्हटलं, सेहेचाळीस वर्षांच्या संसाराचे असे दोन ढीग? हा तुझ्याकडे आणि हा तिकडे? अरे, कपाटाची वाटणी करताना तरी माणूस आधी दोन्ही दारं उघडून बघतो. खूप तोंड चालवलं मी. शेवटी तो म्हणाला, "आई, चार महिने घे. तू बाबांना एकटीने, न पडता खुर्चीत बसवलंस तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर तू नाही म्हणायचं नाही." हे पलंगावर होते. डोळे मिटून होते. मला वाटलं झोपलेत.

म्हणून जिम. कोपऱ्यावरच आहे, खाली टायरचं दुकान, वर हे. मास्तर पंचेचाळिशीचा, एक गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे माझ्याशी त्याचं पटलं. भिंतीवर माणसाचा तक्ता, कातडी सोललेला, प्रत्येक स्नायूचं नाव लिहिलेलं. मी शाळा चार यत्ता शिकलेय, पुढचं माझं मी वाचून वाचून, ह्यांच्या छापखान्यातली रद्दी वाचून. तो तक्ता आठ दिवसांत पाठ केला. आणि मास्तरला विचारलं, ह्यांना उचलताना यातला कोणता लागतो? तो म्हणाला, सगळेच. मग म्हटलं वाटणी करायची कशी? सोमवारी मी ह्यांना सांगू का, अहो, आज फक्त छाती शिल्लक आहे, पायांचं बुधवारी बघू, तोवर धीर धरा?

बिचाऱ्याने पुन्हा वाटणी केली. वरचं अंग दोन दिवस, खालचं अंग दोन दिवस. त्यातलं मुख्य काम म्हणजे जमिनीवरची दांडी उचलायची, त्याला म्हणतात डेडलिफ्ट. डेड म्हणजे मेलेला एवढं मला कळतं. मी म्हटलं मास्तर, आमचे जिवंत आहेत, जिवंतांचं काही असेल तर शिकवा. तेव्हा तो हसला, पण शिकवलं मात्र त्याने मनापासून. गुडघे वाकवा, पाठ सरळ, आणि वजन अंगाला चिकटवून ठेवा, म्हणाला, जितकं लांब धराल तितकं जड लागतं. घरी आले आणि ह्यांना तसंच धरलं. तुम्हाला सांगते, सेहेचाळीस वर्षांत ह्यांनी मला दिवसाउजेडी कधी जवळ घेतलं नव्हतं, त्यांच्या घरात ती रीतच नव्हती, आणि आता दिवसातून चारदा, जिमच्या नियमाने. त्यांचा डावा हात माझ्या पाठीवर. मानेला साबणाचा वास. मी मुद्दाम जरा हळूच उचलायचे.

पायांच्या दिवशी मात्र हाल. एका बुधवारी मास्तरने इतक्या उठाबशा काढून घेतल्या की ह्यांना उठवायला म्हणून पलंगावर टेकले आणि मलाच उठता येईना. दोघं बसलो तसेच. मी म्हटलं, आता आपल्याला दोघांनाही उचलायला कुणीतरी बघा. हे अर्ध्या तोंडाने हसायला लागले, आणि मग ती शिवी. मीही दिली परत. इतकं बरं वाटलं.

आधी शेजारीण मागून टेकू द्यायची तेव्हा जमायचं, पण हळूहळू माझ्या एकटीनेच यायला लागले की हो वर. तिसऱ्या महिन्यात तर असे अलगद उठायचे की मीच चकित. मुलाला फोन करून सांगितलं, ये आणि बघ, तुझी आई काय झालीय ती; तो म्हणाला, चार महिने भरू देत, मग येतो. शेजारणीला दंड दाखवला. जिममध्ये जाऊन मास्तरला म्हटलं, तुमच्या लोखंडापेक्षा आमचे हे बरे, सरसर वर येतात.

तो उठला. फळ्याकडे गेला. त्याच्या फळ्यावर प्रत्येकाचा आकडा असतो, कोण किती उचलतं त्याचा. माझ्यापुढे पंचवीस होता. म्हणाला, "आजी, इथलं वजन सात आठवडे हललेलं नाही." मी म्हटलं, तुमचं लोखंड हट्टी आहे. तर म्हणाला, "आजोबा जेवतात का?"

तेव्हा... तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझी ताकद तिथेच होती. हे कमी होत होते.

दवाखान्यात नेलं, तिथे खुर्चीसकट वजन करायचा काटा आहे. पूर्वी अडुसष्ट. आता एकोणपन्नास. बाईमाणसासारखं अंग झालं होतं आणि मी शेजारणीला दंड दाखवत फिरत होते. चौथ्या-पाचव्या घासाला 'पुरे' म्हणायचे ते. मला वाटायचं वय झालं, भूक मंदावली. घरी आणून पलंगावर बसवलं आणि समोर बसून विचारलं, मुलगा बोलत होता तेव्हा जागे होतात?

"हो."

मुद्दाम कमी जेवत होतात?

"हो."

मला उचलायला सोपं जावं म्हणून?

"हो."

अक्कल आहे का तुम्हाला, म्हटलं. तर शिवी. आणि डोळे मिटून घेतले.

म्हणजे वाटणी आमच्यात कधीच झाली होती बघा. मी माझ्या बाजूने ताकद वाढवायची आणि ह्यांनी त्यांच्या बाजूने स्वतःला कमी करायचं. फक्त मला विचारलं नव्हतं. माझं शुद्धलेखन मात्र मला विचारून सुधारायचे.

डॉक्टर म्हणाले वजन वाढलंच पाहिजे, नाहीतर पावसाळा निघणार नाही. आता तुम्ही मला सांगा, मी काय करायचं होतं? भरवलं तर जड होणार, जड झाले की मला उचलवणार नाहीत, आणि उचलले नाहीत की ते तिकडे आणि मी इकडे. नाही भरवलं तर माझ्याजवळ राहणार, पण किती दिवस? ही वाटणी करायची कशी? मास्तरला विचारलं. तो गुडघा चोळत बसला.

खोटं कशाला बोलू, एक दिवस मी वाटी अर्धीच भरली. घेऊन गेले, बसले, पहिला घास तोंडापर्यंत नेला. त्यांनी वाटीत बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "पुरे." मी उठले, स्वयंपाकघरात गेले. मग काठोकाठ भरून आणली आणि म्हटलं, बोललात पुरे तर बघा. सगळी संपवली त्यांनी. एवढुसं एवढुसं करत, पाऊण तास लागला.

एक्कावन्न. त्रेपन्न. जिममध्ये मी मास्तरच्या मागे लागले, सोमवार ते शनिवार लावा मला, छाती पाठ पाय सगळं एकदम लावा, सुट्टी गेली खड्ड्यात. तो वाटण्या करून करून थकला बिचारा, तीन वेळा नवीन कागद लिहून दिला. फळ्यावर मोठ्या मुश्किलीने सत्तावीस आला. आणि घरी छप्पन्न. गालावर मांस दिसायला लागलं. सुंदर दिसत होते हो. मी दाढी करताना आरसा धरला तर स्वतःकडे बघून त्यांनाही आश्चर्य वाटलं.

अठ्ठावन्नला थांबले. मंगळवार होता, नव्या कागदातही पाठीचाच दिवस. अर्धे उठले आणि पुढे येईनात. ना पलंगावर, ना खुर्चीत, मधेच लटकलो आम्ही दोघं, त्यांचा डावा हात माझ्या पाठीवर. मी पाडलं नाही. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, होते तिथे हळूच परत ठेवलं. मास्तर बघता तर खूश झाला असता. मग फोन लावला. मुलाने नाही, मी लावला. म्हटलं, गाडी घेऊन ये.

आता रोज दुपारी मुलाच्या घरून जाते मी तिकडे, केंद्रात, सोमवार नाही की रविवार नाही. भरवून येते, पूर्ण वाटी. तिथला माणूस चांगला आहे, "काका" म्हणतो, ते चालवून घेतलं मी. परवा कंबरेवर हात ठेवून मला म्हणाला, "आजी, जरा कमी भरवत जा, काका त्रेसष्टवर गेले. दोघं लागतात आम्ही उचलायला."

म्हटलं, लागू देत.