न तुटलेली पट्टी

ओस्केमेन शहरातल्या दवाखान्यात माझ्या पुढे मॅग्नेशियम कारखान्यातले दोन निवृत्त कर्मचारी बसले होते: ओतारी सापारगाली आणि प्रयोगशाळेतल्या रौशनबाई.

“मी ओतलेली प्रत्येक पट्टी प्रयोगशाळेत मोडायचात तुम्ही!”

“मोडल्याशिवाय ताकद कशी कळणार? नुसतं मॅग्नेशियम तर घासलं की झिजायचं.”

“म्हणून तर ॲल्युमिनियम घातलं.”

“घातलं कसलं, ओतलंत! पट्टी काचेसारखी तडकायची.”

“मग निओडिमियम धातूची चिमूट टाकली.”

“ती पट्टी मात्र तुटेना, झिजेना. सगळे नाचले.”

“तुम्ही रडलात. आनंदानं ना?”

“छे हो! आता तुम्ही नवी पट्टी घेऊन कशाला येणार, असं वाटलं.”

तेवढ्यात रौशनबाईंच्या नावाचा पुकारा झाला.

“जा, नंबर आलाय तुमचा.”

“जाते. आधी सांगा, घरी तुम्हाला चहा कोण करून देतं?”